निळी झालेली वीट

मित्रांनो, मी एक वीट. जुनी, एका कोपऱ्याला तुटलेली. माझ्या अंगावर निळ्या रंगाचे पोपडे दिसतात ना, ते बघून कुणी "ही कुठली वीट?" असं विचारलं की मला अजून लाज वाटते.

लांज्याजवळच्या एका भट्टीत मी भाजले गेले. रत्नागिरीत घरं बांधायची ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. आम्हा विटांना मान तो आतल्या आडभिंतींपुरता. मला तोही मिळाला नाही. ट्रकमधून उतरवताना माझा कोपरा उडाला आणि गवंड्याने मला इमारतीमागे भिरकावलं. जवळून जाणाऱ्या माणसांच्या पायांकडे बघत मी तिथे पडून राहिले.

मला उचललं ते नम्रताने. इमारत पूर्ण झाल्यावर ती तिथे राहायला आली होती. नवरा मुंबईत नोकरीला, घरी ती आणि तिचे सासरे महिपतबाबा. सासूबाई गेल्यावर बाबा गावचं घर बंद करून इथे आले होते आणि दिवसभर खिडकीशी गप्प बसायचे. त्यांचं मन रमावं म्हणून नम्रताने काचेची टाकी आणली, तिच्यात एंजल माशांची जोडी सोडली. माशांना आडोसा हवा होता, पण दुकानातले शोभेचे दगड फार महाग. मग ती स्वतःच शोधायला लागली.

तिने काम अगदी नीट केलं. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या पांढऱ्या दगडावर तिने व्हिनेगरचे थेंब टाकले. दगड फसफसला.

"यात चुना आहे, बाबा. पाण्यात विरघळत राहील. आपल्या माशांना नाही चालायचा," असं म्हणत तिने तो बाजूला ठेवला.

मग माझ्यावर थेंब टाकले. काहीच झालं नाही. मला सिमेंट लागलेलं नव्हतं, तेलाचा डागही नव्हता. तिने साबण न लावता मला ब्रशने खसखसून घासलं, बादलीत भिजत ठेवलं, रोज पाणी बदललं आणि मगच टाकीत उतरवलं.

मासे माझ्या आडोशाला विसावू लागले. बाबांनी त्यांना मोठी आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली. सकाळी चिमटीने दाणे टाकताना ते मोठीला म्हणायचे, "ये गो, तुझ्याशिवाय धाकटी खायची नाय." घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

मे महिन्यात बाबांची मुलगी समीक्षा मुंबईहून तिच्या रत्नागिरीच्या सासरी आली, तेव्हा इकडेही डोकावली. तिने टाकीत वाकून बघितलं आणि ती खदखदून हसली. "वहिनी, ही वीट कुणाच्या संडासातली काढलीस गो? परवा माझ्या सासूबाईंना घेऊन येणार आहे मी मासे दाखवायला!"

नम्रताही हसली, पण तिचे कान लाल झाले. आणि मी? मला तर पाण्याच्या तळाशी आणखी खाली जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं. खिडकीच्या ग्रिलचा उरलेला निळा ऑइलपेंट घेतला. ब्रश हातात धरून ती थोडा वेळ थांबली. असला रंग पाण्यात चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने मला रंगवलं. वरून कोरडी दिसताच मला पुन्हा टाकीत ठेवलं. मित्रांनो, मी तेव्हा खूश होते. लाल अंगाची मला इतकी लाज वाटत होती की निळं झाल्यावर मी स्वतःला सुंदर समजले.

पाहुण्यांनी कौतुक केलं. ते गेल्यावर पाण्यावर तवंग दिसू लागला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. नम्रताने घाईने मला बाहेर काढलं, पाणी बदललं. धाकटी वाचली. मोठी सकाळी पाण्यावर आडवी तरंगताना बाबांनाच दिसली.

"माझ्याच हातून दाणे जास्त पडले असणार," ते म्हणाले. "डोळ्यांना नीट दिसत नाय आता."

नम्रता काही बोलली नाही. बाबांनी दाण्यांची डबी तिच्याकडे दिली आणि ते परत खिडकीशी जाऊन बसले. टाकीकडे त्यांनी बघायचंच सोडलं. बाल्कनीत पडून मी ते बघत होते. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं.

शेवटी एका दुपारी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मोठी तुमच्यामुळे नाही गेली. मी विटेला रंग दिला होता. तो विषारी असतो हे मला माहीत होतं. समीक्षाताई हसल्या, ते मनाला लागलं होतं."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "माशाचं जाऊ दे," ते म्हणाले. "पण मी माझे हात बघत बसलो होतो गो, हे तुला दिसत होतं ना?"

ती रडायला लागली. बाबांनी तिची समजूत काढली नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी डबी मागून घेतली आणि धाकटीला दाणे टाकले. त्यानंतरच्या रविवारी दोघं नदीवर गेली, काळे गुळगुळीत दगड निवडून आणले. या वेळी व्हिनेगरचे थेंब बाबांनी टाकले.

मला परत टाकीत जाता येणार नाही. रंग माझ्या छिद्राछिद्रांत मुरलाय, कितीही घासला तरी निघत नाही. मी आता बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवून धरते.

मित्रांनो, टाकीत दगड घाला, वीट घाला, पण आधी पारखून, स्वच्छ धुऊन घाला. ती साधी दिसली म्हणून कुणी हसलं, तर हसू द्या. आणि तुमच्या हातून काही चुकलं, तर लवकर सांगा. तुमच्या शेजारी एखादं माणूस ती चूक आपलीच समजून गप्प बसलेलं असेल.