राखणदाराचा सिगार

तापातून उठल्यावर सिद्धेश परबच्या तोंडाची चव गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या कुणाचं त्यावाचून फारसं अडलं नसतं, पण सिद्धेशचं पोट जिभेवर चालत होतं. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात सिगार ओढण्याची वेगळी खोली आहे. तिथे कुठले सिगार ठेवायचे, कुठल्या पाहुण्याला कुठला द्यायचा, हे तो चाखून ठरवत असे. येत्या सोमवारी एका नव्या, फार महागड्या सिगारची चव त्याला जाणकार पाहुण्यांसमोर उलगडून सांगायची होती. ते जमलं नाही, तर त्याचा वरिष्ठ यज्ञेश त्याला एक दिवसही ठेवणार नव्हता.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं तो ‘झकास झालंय’ म्हणत गिळायचा.

त्यांची इमारत मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. पूर्वी तिथे चाळ होती. चाळ पाडून उंच इमारत झाली, तरी मागच्या कोपऱ्यातला राखणदाराचा दगड रहिवाशांनी हलवू दिला नाही. राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा. त्याला देऊळ लागत नाही की आरती लागत नाही. अमावास्येला तिन्हीसांजेच्या वेळी नारळ, अंडं, थोडी दारू आणि एक पेटवलेली विडी समोर ठेवली की झालं. गाड्या लावून आलेली माणसंही तिथून जाताना चपला काढत.

हे ठेवायला दर वेळी सिद्धेशचे वडील जयवंत जात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून या अमावास्येला त्यांनी सिद्धेशला पाठवलं. विडी पेटवायची, ठेवायची आणि सरळ घरी यायचं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. “आणि धूर गिळू नको हां.”

“कळलं, बाबा. लहान आहे का मी?”

“लहान असतास तर ऐकलं असतंस.”

खाली गेल्यावर सिद्धेशला कळलं की विड्या वरच राहिल्या. खिशात मात्र सोमवारचा सिगार होता. सरावासाठी म्हणून यज्ञेशने तो घरी न्यायला दिला होता. आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मनात येऊन त्याला कडवट हसू आलं. तू तरी ओढ बाबा, असं तो दगडाला म्हणाला.

त्याने सिगारचं टोक छाटलं. दुसरं टोक काडीच्या आचेवर फिरवत हळूहळू शेकलं, कारण सिगार असाच पेटवायचा असतो. मग ओठांत धरून एक झुरका घेतला. सिगारचा धूर कधीच छातीत ओढत नाहीत, तो तोंडात घोळवून सोडून देतात. सिद्धेशनेही तेच केलं. वडिलांनी धूर गिळू नको म्हटलं होतं आणि त्याने तो गिळला नव्हता. जिभेला काहीच लागलं नाही. त्याने सिगार दगडासमोर ठेवला आणि वळला.

सिगार नुसता ठेवला की थोड्या वेळात विझतो. दोन गाड्यांच्या मधून सिद्धेशने सहज मागे पाहिलं, तर सिगारचं टोक लालभडक झालं होतं. मग ते मंदावलं. जरा वेळाने पुन्हा उजळलं. वारा नव्हता. कुणीतरी मुरलेला माणूस घाई न करता, चव घेत झुरके मारावेत, तसं ते चाललं होतं.

आणि तिसऱ्यांदा टोक उजळलं तेव्हा सिद्धेशच्या तोंडात चव आली.

आधी भाजलेली कॉफी. मग काळी मिरी, जुनं चामडं, ओलं लाकूड. त्याला भीती वाटत होती, तरी तो हलला नाही. इतक्या दिवसांनी जिभेला काहीतरी लागत होतं. पांढऱ्या राखेची कांडी न मोडता वाढत गेली आणि सिगार संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

सोमवारी त्याने ती सगळी चव पाहुण्यांसमोर जशीच्या तशी सांगितली. तोंडातला सिगार त्या वेळी पुठ्ठ्यासारखा लागत होता, हे कुणाला कळलं नाही. यज्ञेशने पाठ थोपटली.

मग भलतंच सुरू झालं. हॉटेलात पाहुण्यांशी बोलताना अचानक त्याच्या तोंडात विडीचा धूर यायचा. एकदा बैठकीत हातभट्टीच्या दारूची चव आली आणि त्याचे डोळे पाणावले. घरी येऊन पाहिलं की दगडासमोर नवस फेडायला कुणीतरी तेच ठेवलेलं असायचं. मग तो आपलं जेवणाचं ताट घेऊन खाली जाऊ लागला. ते दगडासमोर थोडा वेळ ठेवलं, की त्याला तिखल्याची चव लागे.

आई सुगंधाने ते खिडकीतून पाहिलं. जयवंतांनी समोर बसवून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. धूर गिळला नव्हता, नुसता तोंडात घोळवला होता, हेही सांगितलं.

“अरे, तोंडात घोळवलास म्हणजे उष्टा केलास,” जयवंत म्हणाले. “त्याच्या ताटात तू तोंड घातलंस. आता तो तुझ्या ताटात जेवतो.”

यावर उपाय होता. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे दगडासमोर उभं राहून माफी मागायची, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची आणि त्याचं त्याला परत करायचं. पण मग ही चवही जाणार, हे जयवंतांनी लपवलं नाही. आईने हात जोडून विनवलं, नोकरी गेली तर जाऊ दे. सिद्धेश मात्र पुढच्या अमावास्येला बघू, म्हणाला.

ती अमावास्या आली आणि गेली. त्याने गाऱ्हाणं घालू दिलं नाही.

त्यानंतर ताट खाली न्यावं लागेनासं झालं. घरात बसूनच त्याला सगळं चवदार लागू लागलं. तो खुशीत होता. खाली मात्र शेजारी कुजबुजत होते. दगडासमोरची विडी आता ठेवल्याबरोबर विझत होती. चपला न काढता एक मुलगा दगडावर चढून बसला, तरी कुणाला काही वाटलं नाही. ती जागा नुसती पार्किंगचा कोपरा झाली होती.

एका रविवारी सुगंधाने पहिलं ताट सिद्धेशसमोर ठेवलं आणि ती मागे सरकून उभी राहिली. त्याने घास घेतला, तोंडात सावकाश घोळवला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

सुगंधाने डोक्यावरून पदर घेतला. जयवंत दुखऱ्या गुडघ्यावर कसेबसे उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले,

“व्हय म्हाराजा.”