चारशे वॉटची पेटी

महामायाने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि पंख्याने उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं. चिठ्ठी नागसेनच्या हातची होती. लातूरची एसटी पकडायच्या गडबडीत त्याने पहाटे ती खरडून दिली होती. सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, वापरलेलं चालेल. एसएमपीएस साडेपाचशे वॉटचा. उरले तर रॅम. आणि खाली दोनदा रेघ मारून: पंधरा हजारांच्या वर जाऊ नको, आई.

"सहावालं सकाळीच गेलं की ताई," मलप्पा म्हणाला. मूळच्या देगलूरकडच्या या माणसाला नांदेडात कम्प्युटरच्या सामानाचं दुकान टाकून पंधरा वर्षं झाली, तरी तो बोलताना अजून हेल काढायचा. "आता दोनच राहिलेत. बघा."

त्याने काचेवर दोन कार्डं मांडली. एक विटेएवढं, तीन पंख्यांचं, वापरलेलं. आठ जीबी, साडेबारा हजार. दुसरं तळहाताएवढं, नवंकोरं, विजेची वेगळी वायरही न लागणारं. चार जीबी, साडेनऊ.

"मोठं न्या. पोरगं पाया पडंल तुमच्या."

"पडून राहिलं हो पाया! सकाळी चहाचा कप उचलत न्हाई."

मलप्पा हसला. "मग फोन लावून इचारा त्यालाच."

तिने दोनदा लावला होता. पण आज लातूरच्या क्लासची फुकट सीटची परीक्षा होती आणि पोरांचे फोन गेटवरच पिशवीत जमा करून घेतलेले. एक वाजेपर्यंत नागसेनला देवसुद्धा गाठू शकला नसता.

जिल्हा परिषदेत बावीस वर्षं तीन-तीन कोटेशनांचे तक्ते मांडणाऱ्या बाईला खरं तर कुणाला विचारायची गरज नव्हती. मोठं कार्ड घेतलं तर हातात अडीच हजार उरतात आणि चांगला एसएमपीएस बत्तीसशेला. म्हणजे घरातला जुनाच ठेवायचा. छोटं घेतलं तर एसएमपीएस येतो, अठराशेची रॅमही येते आणि वर पाचशे उरतात.

आणि घरातला जुना एसएमपीएस चारशे वॉटचा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. श्रावणात नागसेनने मित्राचं असंच मोठं कार्ड आणून बसवलं होतं. ती शेजारी पालक निवडत बसलेली. खेळ ऐन रंगात आला आणि खट्‌कन सगळं काळं. "ही आतली पेटी वीज पुरवते, आई," तो म्हणाला होता. "चारशेची हाय. एवढ्या मोठ्या कार्डाला न्हाई पुरत. जोर आला की बंद पडणार म्हणजे पडणार."

रविवारी पुण्याच्या एका कम्प्युटर-गेमच्या टीमची निवड होती, घरूनच खेळायची. निवड झाली तर पगार आणि वर्षभर कुणी काही बोलायचं नाही. नाही झाली तर लातूरच्या क्लासला तिसऱ्यांदा, मेडिकलसाठी. बापलेकात असं ठरलं होतं. नागसेनचा बाप लिंबाजी त्र्याण्णवच्या भूकंपात सोळा वर्षांचा होता. तंबूतल्या एका डॉक्टरने त्याचा पाय वाचवला. घरात एक डॉक्टर हवा हे त्याने तेव्हापासून धरलेलं, आणि महामायाला तरी दुसरं काय हवं होतं?

तिने मोठं कार्ड हातात घेतलं. चांगलं जड होतं. हे घेऊन गेलं तर पोरगं हरखेल. आईने सगळे पैसे कार्डात घातले म्हणून गल्लीभर सांगेल. रविवारी जोर आला की बंद पडेल. आणि दोष कुणाचा? कुणाचाच नाही.

"मोठं द्या," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला शेजारणीचा वाटला.

मलप्पाने बिलबुक ओढलं, तारीख घातली आणि पेन थांबवला. "घरी एसएमपीएस केवढाय? न्हाई तर उद्या येऊन माझ्या नावानं खडे फोडाल. जुना माल मी परत घेत न्हाई."

"मोठाय."

"मोठा म्हणजे?"

"सहाशेचा. चांगला हाय."

तो लिहू लागला आणि पर्समधला फोन वाजला.

"आई, सुटलो," नागसेनच्या मागे पोरांचा गलका होता. "पप्पाला सांग, पेपर लई सोपा होता. येत होतं तेवढं सगळं लिवलंय."

"सगळं?"

"हाव. आधी वाटलं, सोडून द्यावेत दहा-पंधरा प्रश्न. नंबरच लागला न्हाई तर कटकट मिटली. कुणाला कळणारे?" तो हसल्यासारखं करून थांबला. "मग न्हाई जमलं. शब्द दिलाय न पप्पाला."

"आन् लागला नंबर तर?"

"तर पप्पा फुकट सीट म्हणून डोकं खाईल. खाऊ दे. रविवार तर होऊ दे आधी. कार्ड भेटलं का?"

महामायाने फोन कानाला तसाच धरून मलप्पाकडे पाहिलं. त्याने रकमेचा आकडा लिहायला घेतला होता.

"मलप्पाभाऊ, ते फाडा. घरचा चारशेचा हाय. मी खोटं बोलले."

मलप्पाने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, पान टरकावलं आणि चुरगाळून खिशात घातलं.

फोनवर हे ऐकून नागसेन हळू म्हणाला, "तुला म्हाईत होतं न आई, चारशेचाय ते?"

"हाव."

"श्रावणात तू तिथंच बसली होतीस."

"बसले होते. म्हाईत होतं मला."

त्याने फोन ठेवला असता तरी ती त्याला काही म्हणाली नसती.

"आता कोणतं हाय त्याच्याकडं?" शेवटी त्याने विचारलं. आवाज कोरडा होता.

"चार जीबीचं. नवं. वेगळी वायर लागत न्हाई म्हणतोय."

"चालतंय. सेटिंग खाली करून खेळतो. एसएमपीएस साडेपाचशेचाच हाय का ते डब्यावर बघ. आन् रॅम जुनीच्या जोडीची मागून घे, जुनीचा नंबर माझ्या फोनात हाय. नुसती कंचीबी आणू नको."

"नंबर वाच मला," ती म्हणाली. चिठ्ठी उलटी करून तिने मलप्पाचा पेन मागून घेतला. "हळू वाच. लिवून घेते."