पाचव्या टप्प्यानंतर

मी टेनिसचा एक विटलेला चेंडू आहे, मित्रांनो. एके काळी पिवळाजर्द होतो. आता फरशी पुसायच्या फडक्याचा रंग आलाय. तुम्हाला वाटेल, हा आता खेळात किती मजा असते ते सांगणार. नाही सांगणार. चेंडूला मजा येत नाही, मार बसतो. मजा येते असं सांगणाऱ्याने स्वतः कधी रॅकेट खाल्लेली नसते.

माझा जन्म साधाच. रबराच्या दोन वाट्या एकमेकींवर दाबून चिकटवल्या, आत हवा कोंडली, वरून लोकरी कापड चढवलं. आम्ही तिघे भाऊ एका डब्यात होतो. निवड सामन्याच्या सकाळी पंचाने झाकण ओढलं, फुस्स झालं, आणि त्या क्षणापासून आमच्यातली हवा गळायला लागली. त्याला जन्म म्हणा, नाहीतर मरणाची सुरुवात म्हणा.

त्या सकाळी मी एका सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात पडलो. लांब हात, गुडघ्यावर खरचटल्याचे जुने डाग. मैदानावर सगळे तिला ‘टपटप’ म्हणत, कारण सर्व्हिस करण्याआधी ती चेंडू जमिनीवर आपटत राहायची. कधी तीनदा, कधी नऊदा.

“अगं टपटप, अंडं उबवतेस का?” जाळीपलीकडून समोरची ओरडली.

“हो. पिल्लू निघालं की तुझ्याकडेच पाठवते,” ही म्हणाली, आणखी दोन टप्पे मारले आणि मला असं पाठवलं की समोरचीची रॅकेट जागची हललीसुद्धा नाही.

खेळाडू हे टप्पे का मारतात, असं लोक विचारतात. कुणी म्हणतं चेंडू नीट उसळतो का ते बघतात, कुणी म्हणतं समोरच्याला ताटकळत ठेवतात, कुणी म्हणतं नुसती सवय. सगळं थोडं थोडं खरं आहे. पण मी तळहातात राहिलेला आहे, म्हणून माझंही ऐका. बाकीचा प्रत्येक फटका म्हणजे समोरून आलेल्या चेंडूला दिलेलं उत्तर असतं. विचार करायला वेळच नसतो. सर्व्हिस मात्र स्वतःहून सुरू करावी लागते. सगळे डोळे तुमच्यावर, आणि चुकलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. तेव्हा काळीज उडायला लागतं. त्या पोरीचं काळीज तर मला तिच्या तळव्यात ऐकू यायचं. प्रत्येक टप्प्याबरोबर ती थोडी थोडी भीती जमिनीत सोडायची. हात शांत झाला की मला वर उडवायची. किती टप्पे लागतील हे तिलाही आधी माहीत नसायचं. पंचाच्या घड्याळात पंचवीस सेकंद असतात, त्यात तिचं सगळं बसत होतं.

पहिला सेट तिने जिंकला. दुसऱ्यातही इतकी पुढे गेली की आणखी एक गेम घेतला की निवड पक्की. दोघी पाणी प्यायला बसल्या. मी कुंपणाशी घरंगळत गेलो होतो, आणि तेवढ्यात तिचा बाप कामावरून धापा टाकत आला. कुंपणाबाहेर त्याची बहीण उभी होती.

“दादा, आलास? पहिला सेट आपला! आता एकच गेम.”

“टप्पे किती मारतेय?”

“अरे, जिंकतेय ती!”

“मी काय विचारलं?”

“मी नाही बाई मोजले. मी पोरीकडे बघत होते.”

“तिथेच चुकतं तुमचं. जिंकत असतानाच शिस्त सांभाळायची असते. यंदा संघातली निवड हुकली की वयाची मर्यादा संपली. मग काय, माझ्यासारखी दुसऱ्यांच्या रॅकेटला तारा बांधत बसेल?”

“आजच्या दिवस राहू दे ना रे.”

“तू गप्प बस. तुला खेळातलं काय कळतं?”

बाप तारा बांधणारा कारागीर. तरुणपणी स्वतः खेळायचा, पण त्याला शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून मुलीला सगळं शिकवायचं त्याने ठरवलं, आणि ‘सगळं’ म्हणता म्हणता श्वाससुद्धा शिकवायला निघाला. मोठे खेळाडू दर वेळी ठरावीक टप्पे मारतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. ते खरंही आहे. पण तो आकडा त्यांचा त्यांना सापडलेला असतो. याने आपल्या मनाने पाच ठरवले. सरावात सहावा टप्पा पडला की सगळ्या सर्व्हिस पहिल्यापासून! औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी चाटून ताप उतरत नाही, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. दुष्ट असता तर बरं झालं असतं, पोरीने त्याचं ऐकलं नसतं. घाबरलेला होता, आणि आपल्या भीतीला तो शिस्त म्हणत होता.

पोरगी खेळायला उठली. कुंपणाच्या जाळीत अडकवलेली बापाची पाच बोटं तिला दिसली. पाच टप्पे, सर्व्हिस. पाच टप्पे, सर्व्हिस. एक गुण गेला, दोन आले, पुन्हा एक गेला. कशीबशी ती शेवटच्या गुणापर्यंत पोचली. तो मिळाला की निवड.

मी तिच्या हातात होतो. तळवा ओला, आणि काळीज असं धडधडत होतं की माझ्या आतली हवा थरथरली. पाच टप्पे झाले. हात शांत होईना. मला सहाव्यांदा खाली सोडायला ती वाकली.

“पाच झाले!” बाप ओरडला.

“बाहेरून सूचना नकोत,” पंच म्हणाला.

“सूचना कुठे देतोय साहेब? मोजतोय फक्त!”

लोक हसले. तिने मला तशीच वर उडवून मारलं ते थेट जाळीत, आणि जाऊन मलाच परत उचलून आणलं. आता दुसरी आणि शेवटची संधी. पहिला टप्पा पडला तसे बघे एका सुरात मोजू लागले, “एक... दोन...” त्यांच्यासाठी ती गंमत होती. तिने मला मुठीत घट्ट धरलं, पुढचा टप्पा मारलाच नाही, आणि तशीच सर्व्हिस केली. मी रेषेच्या वीतभर बाहेर पडलो.

तिथून सगळं ढासळलं. तो गेम गेला, तो सेट गेला, तिसराही गेला. शेवटी तिने मला उचललं आणि कुंपणाशी येऊन बापाच्या हातात ठेवलं.

“बाबा, सहावा मारला असता तर काय बिघडलं असतं?”

बापाने मला खिशात टाकलं. “घरी चल,” एवढंच म्हणाला.

ती पुन्हा खेळली नाही. आता आत्याबरोबर कामाला जाते. बापाशी बोलते, पण किल्ली कुठे आहे, दूध आणलं का, एवढंच.

मी बापाच्या कामाच्या खोलीत असतो. तारा ओढता ओढता तो थांबतो, मला उचलतो आणि फरशीवर आपटत बसतो. पाचला थांबत नाही, पन्नासलाही नाही. त्याचंही काळीज मला आता ऐकू येतं. परवा पोरगी जेवणाचा डबा द्यायला आली. त्याने मला तिच्यापुढे धरलं.

“एकदा ये ना मैदानावर. हवे तेवढे टप्पे मार. मी बघणारसुद्धा नाही.”

“आता कशाला बाबा?” ती म्हणाली. रागाने नाही हो, रागाने म्हणाली असती तर काही आशा होती. डबा ठेवला आणि गेली.

मित्रांनो, माझ्यात आता हवा उरलेली नाही, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. तुमच्यातलं कुणी फळ्यापुढे, माईकपुढे, पाण्याच्या काठावर अडखळून उभं असेल, तर त्याच्या मागून हसू नका, मोजू नका, ‘आटप’ म्हणू नका. मदत करता येत नसेल तर निदान पाठ फिरवून उभे राहा. आणि घरी गेल्यावर हे मोठ्यांनाही वाचून दाखवा. त्यांना जास्त गरज आहे.