भाववाल्या बाईंच्या चार खुणा

बाजारात तिला सगळे भाववाल्या बाई म्हणत, आणि ते काही फार प्रेमानं नव्हे. दर महिन्याला ठरलेल्या बावीस दुकानांत जायचं आणि ठरलेल्या वस्तू मिळतात का ते बघायचं. आहे तिथं बरोबरची खूण आणि भाव, नसेल तिथं 'नाही'. सांख्यिकी कार्यालयाचा नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करायची नाही. चौदा वर्षांत बाईनं तो एकदाही मोडला नव्हता. घात झाला तो नियम पाळूनच झाला, आता बोला!

त्या दिवशी सकाळीच विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. "उद्या साहेब रेडिओवर बोलणार आहेत. मागच्या साहेबांचं शेवटचं वर्ष आणि आपल्या साहेबांचं हे वर्ष, असा शेजारी शेजारी तक्ता हवाय. लोक म्हणायला लागलेत, हेही त्यांच्याच वाटेनं चाललेत. एकदाची तोंडं बंद करू. चारच्या आत द्या."

मागच्या साहेबांचं राज्य कशानं गेलं हे शेंबडं पोरही सांगेल. आधी साबण गेला, मग तेल, मग औषधं, आणि सगळ्यांच्या मागून साहेब. बाईनं जुनी फाइल काढली. दम्याच्या पंपापुढे ओळीनं सात महिने 'नाही'. मग या वर्षीची काढली. साबण नाही, तेल नाही, तापाच्या गोळ्या नाहीत. दोन्ही वर्षं जुळ्या बहिणींसारखी दिसत होती. फक्त दम्याच्या पंपापुढे गेले चार महिने तिच्याच हातच्या ठसठशीत खुणा. विभागप्रमुखांनी खांद्यावरून डोकावून बघितलं आणि गडी खूश! "हाच आपला पहिला मुद्दा, बाई. त्यांच्या काळात पोरं धापा टाकत होती, आपल्या काळात पंप मिळतो. भाषणात जाणार हे!"

त्या खुणा कशा झाल्या हे तिला आणि औषधवाल्या काकांनाच ठाऊक होतं. तिच्या लेकीला, चिमणीला, दमा होता. काका दर महिन्याला एक पंप गल्ल्याखाली दडवून ठेवत आणि बाई आली की काढून समोर ठेवत. बाई डोळ्यांनी बघायची, खूण करायची आणि मग तो पैसे देऊन पिशवीत टाकायची. नियमात सगळं कसं चोख बसत होतं. मागची फळी रिकामी असायची, तिकडे तिनं कधी बघितलं नाही. खरं सांगायचं तर तिला बघायचंच नव्हतं.

आता खोडावं? शेजारच्या टेबलावरच्या नानांनी खोडलं होतं. मागच्या साहेबांच्या त्या शेवटच्या वर्षी, याच खोलीत, नानांनी स्वतःच्या जुन्या नोंदी दुरुस्त केल्या. दोन माणसं आली, अगदी गोड बोलली. "चला नाना, पाच मिनिटांचं काम आहे." ऑफिसात सगळेच बाहेरचं पायताण टेबलाखाली काढून सपाता घालत; नाना त्या सपातांवरच गेले. त्यांचे बाहेरचे बूट महिनाभर टेबलाखाली पडून होते, मग तेही कुणीतरी उचलले. त्यानंतर नानांचं नाव कुणी काढलं नाही. बाईनंही नाही.

दुपारी ती या महिन्याच्या नोंदीसाठी काकांकडे गेली.

"बाई, या खेपेला तुमच्यासाठीसुद्धा नाही," काका म्हणाले. त्यांनी गल्ल्याखालून पंपाऐवजी एक कागद काढला. "तीनदा मागणी पाठवली. हे बघा उत्तर."

पुरवठा खात्याचं पत्र होतं. 'सांख्यिकी कार्यालयाच्या नोंदीनुसार आपल्या भागात दम्याचे पंप उपलब्ध आहेत. सबब जादा पुरवठा करता येणार नाही.'

"आता कुठल्या गाढवानं लिहिलं हो हे, उपलब्ध म्हणून?" काका तावातावानं म्हणाले, आणि मग त्यांची नजर तिच्या हातातल्या फॉर्मवर गेली. त्यांनी कागद हळूच परत गल्ल्याखाली सरकवला.

घरच्या पंपावर सकाळी नऊचा आकडा होता. नऊदा दाबला की संपला. वाईट दिवशी चिमणीला सहा लागतात.

परत येताना बाई वाटेत कुठंच थांबली नाही. भीती एक का होती? साहेबांची होती, त्या दोन गोड माणसांची होती, चिमणीच्या छातीतल्या त्या शिट्टीची होती. पण ही शेवटची भीती बाकीच्या सगळ्यांना पुरून उरली. सवयीनं चपला टेबलाखाली काढून ती जागेवर बसली आणि तिनं चारही खुणा खोडल्या, या महिन्याचं धरून पाच वेळा 'नाही' लिहिलं, बाजूला लिहिलं, 'एकच नग होता, तो मीच घेतला', आणि सही केली. एक प्रत पुरवठा खात्याच्या टपालाच्या थैलीत टाकली. तीन वाजता थैली जाईपर्यंत ती जिन्यात उभी राहिली. मग जागेवर येऊन टेबलाखाली वाकली आणि दुसरी प्रत घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "डोकं फिरलंय का तुमचं? आता दोन्ही वर्षं सारखीच दिसतात!"

"सारखीच आहेत, सर."

"हे आणखी कुणी बघितलंय?"

"पुरवठ्याची प्रत गेली. तीनच्या थैलीत."

ते उठले, हलकेच दार लावलं आणि परत येऊन फोन उचलला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"बसा ना, बाई. पाच मिनिटांचं काम आहे."

बाई बसली. तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बाहेरच्या चपला ती घालूनच आली होती.