मुकादमाचे तीस सेकंद

सासरा ऑपरेशनला निघालाय, पोटात पाण्याचा घोट नाही, अंगावर तो मागून उघडा झगा, आणि सून शेजारच्या खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेली. असलं दृश्य वैऱ्याच्याही घरी नको. सकाळी साडेसातपासून मी बघत होते. शेवटी म्हटलं, "अगं, आज तरी ते झाकण लाव." तर मान वर न करता म्हणते, "आई, आज माझी ड्यूटी आहे." जशी काही मी चहाचे कप उचलायला आले होते.

रजा मिळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. मांजर आजारी पडलं म्हणून तिच्या ऑफिसातल्या एकाने दोन दिवस घेतले होते, हे तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. मांजराला रजा आहे, सासऱ्याला नाही.

आमच्या ह्यांच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं होतं, लांबवू नका. पहिली तारीख खोकल्यापायी हुकली. ही दुसरी. मुलगा जहाजावर, त्याचे पाय जमिनीला लागायला अजून तीन दिवस. म्हणजे माणूस म्हणून जवळ मी, आणि ही. त्यातून ही म्हणजे नुसता देह. जीव त्या डब्यात.

ह्यांना मात्र सुनेचं भारी कौतुक. ढकलगाडीवर आडवे पडल्या पडल्या मला म्हणाले, "करू दे गं तिला काम. इथला सगळा कारभार तिचंच कॉम्प्युटर चालवतं."

"मग सुरीपण तिच्याच हातात द्या," मी म्हटलं.

हसायला लागले, आणि लगेच पोट धरलं.

पण ते म्हणाले ते खरं होतं. या इस्पितळाचा आणि आणखी अकरा इस्पितळांचा कारभार हिच्या कंपनीच्या यंत्रांवर चालतो. पूर्वी एकच अवाढव्य प्रोग्राम होता, तो अडला की सगळंच अडायचं. मग यांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले. एक नाव नोंदवणारा, एक औषधांचा, एक खाटांचा, एक रिपोर्ट पोचवणारा. प्रत्येकाला एकच काम. आणि त्या सगळ्यांवर एक मुकादम. त्याचं इंग्रजी नाव काहीतरी वेगळं आहे, मला मुकादमच बरं वाटतं. कोण काम करतंय, कोण आडवा पडलाय, यावर त्याची नजर. पडला की त्याला काढायचं आणि त्याच्या जागी नवा उभा करायचा. हिचं काम त्या मुकादमाला शिकवण्याचं. मी चौथीपर्यंत शिकले, पण बारा बायकांचं शिवणकामाचं दुकान तीस वर्षं चालवलंय. मुकादम म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

पावणेदहाला एक नर्स आली. तरुण, नाकावर चष्मा घसरलेला. "आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट अजून दिसत नाहीये," म्हणाली. ऑपरेशनच्या आधी माणसाशी जुळणारं रक्त बाजूला काढून ठेवतात. ते जुळवलं, असं वरून कळल्याशिवाय आत नेत नाहीत.

"जुळवलंय ना?" मी विचारलं.

"हो मावशी, लॅबवाले म्हणतात सकाळी सहालाच झालं. पण आमच्या स्क्रीनवर येत नाही."

"मग जिना चढून कागद आणायला काय होतं? नाहीतर मी जाते."

"हातात देत नाहीत. मागे दोन जणांच्या कागदांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून रक्ताचं काहीही फक्त स्क्रीनवरून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "साडेदहापर्यंत नाही आलं तर डॉक्टर पुढचा पेशंट आत घेतील. आजोबांना मग तीन आठवड्यांनंतरची तारीख."

तीन आठवडे! पोटात ती गाठ घेऊन. मी सुनेकडे वळले. म्हटलं आता हिला धारेवर धरते. पण आधी तिचा चेहरा बघितला. पांढरीफटक. बोटं मात्र चालू होती.

"माहितीये मला," ती नर्सला म्हणाली. "वीस मिनिटं झाली. बाराच्या बारा इस्पितळांचे रिपोर्ट अडकलेत."

वीस मिनिटं! मला एका शब्दाने सांगितलं नाही.

फोनवर तिच्या कंपनीतला माणूस होता, तिने तो स्पीकरवर टाकला. त्याला ही दाढीवाला म्हणते, म्हणून मीही म्हणते. दाढीवाला घाबरून भराभर बोलत होता. "रिपोर्टवाला सारखा मरतोय. सत्तेचाळीस वेळा नवा उभा केला मुकादमाने, सत्तेचाळीस वेळा मेला. मी म्हणतो सगळंच बंद करू आणि पहिल्यापासून सुरू करू."

"नको," ही म्हणाली. "थांब. मला बघू दे तो कशाने मरतोय."

"बघायला वेळ कुठाय? हे बघ, ड्यूटी माझी होती. तू मागून घेतलीस म्हणून दिली. आता निदान माझं ऐक."

माझे कान टवकारले. मागून घेतली! रजा घेणं राहिलं बाजूला, आजच्या दिवशी दुसऱ्याचं ओझं हिने मागून डोक्यावर घेतलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हाताने मला थांबवलं. माझ्या घरात, माझ्या सुनेने, मला. घर नव्हतं ते, दवाखान्याचा व्हरांडा होता, पण मी बसते तिथे माझं घर असतं.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "तो मरत नाहीये रे. मारला जातोय."

"म्हणजे?"

"लॅबची लाइन रात्रभर बंद होती ना? सकाळी सगळे रिपोर्ट एकदम आलेत. चार हजार. हा उठतो आणि आधी ती सगळी थप्पी लावायला बसतो. ती लावेपर्यंत कुणाला ओ देत नाही. मुकादम दर दहा सेकंदांनी विचारतो, जिवंत आहेस का? तीनदा विचारून उत्तर नाही आलं की म्हणतो, मेला. काढतो. नवा आणतो. नवा पुन्हा पहिल्यापासून थप्पी लावायला बसतो. आणि तोवर थप्पी आणखी वाढलेली."

दाढीवाला म्हणाला, "तीस सेकंद कुणी ठेवले?"

"मी," ही म्हणाली. "मार्चमध्ये. तेव्हा पुरायचे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माणूस असं बोलतो? निदान आधी "बघावं लागेल" तरी म्हणतो. आमच्याकडे कप फुटला तर तो आपोआप फुटलेला असतो.

घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. मी तिच्या कानाशी गेले. "अगं, एवढं कळलंय ना तुला? मग ह्यांचा एकट्याचा काढ ना त्यातून पुढे. सासरा आहे तुझा."

"येतो काढता," ती म्हणाली. "काढणार नाही."

"काय म्हणालीस?"

"आई, घाईत हाताने एक ओढायला गेले आणि बाबांच्या नावावर दुसऱ्याचं रक्त चिकटलं तर? ओळीने येऊ दे. ओळीने आला की बरोबर येतो." मग फोनकडे वळून म्हणाली, "मी मुकादमाला सांगतेय, नवा उठल्यावर पाच मिनिटं त्याला काही विचारायचं नाही. तुझा होकार दे."

त्यांच्यात तशी रीत आहे. चालू कारभारात एकट्याने हात घालायचा नाही. दुसऱ्याने वाचून हो म्हटल्याशिवाय बदल लागत नाही. बरी रीत आहे. माझ्या दुकानात असती तर पुष्कळ कापड वाचलं असतं.

दाढीवाला अडखळला. "आणि तुझं चुकलं तर? पाच मिनिटं तो खरंच मेलेला असेल आणि मुकादम नुसता बघत बसेल. तुझे सासरे तिथे..."

"मला माहितीये माझे सासरे कुठे आहेत. वाच आणि हो म्हण."

वाचलं त्याने. मोठमोठ्याने श्वास घेत वाचलं. मग म्हणाला, "हो."

तिने एक बटण दाबलं आणि दोन्ही हात लॅपटॉपवरून उचलून मांडीखाली घातले. अगदी लहान पोर बसतं तसे. मला म्हणाली, "आई, आता पाच मिनिटं मला काही विचारू नका."

मी आयुष्यात पाच मिनिटं गप्प बसले असेन तर झोपेत. पण बसले. समोर ढकलगाडीवर हे डोळे मिटून पडले होते. तहानेने ओठ कोरडे झालेले. एक वॉर्डबॉय आला, गाडीचा ब्रेक काढला, नर्सने त्याला हात केला, थांब. त्याने परत लावला. व्हरांड्याच्या टोकाला दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती. तो पुढचा पेशंट. त्याची बायको माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोघींनाही हसता येईना. भांडायला कारण नव्हतं, नाहीतर मी भांडलेही असते. तेवढाच वेळ गेला असता.

"एक मिनिट," दाढीवाला फोनमधून म्हणाला. मग, "दोन." मग बराच वेळ काहीच नाही. सुनेचा पाय थरथरत होता. मी माझा पाय त्याच्यावर ठेवला. का, ते विचारू नका.

"उठला," तो एकदम ओरडला. "ओ दिली! थप्पी लागली, रिपोर्ट सुटायला लागले!"

सूनबाईने मांडीखालून हात काढले, तोंडावर घेतले आणि श्वास सोडला. सकाळपासून तोच धरून बसली असावी.

पण ह्यांचा रिपोर्ट अजून कुठे होता? ओळीने येणार होता ना. दहा वाजून एकवीस. बावीस. नर्स आपल्या टेबलाशी वाकून बसलेली, चष्मा पार नाकाच्या टोकावर. मी मनात तिला म्हणत होते, बाई, आधी तो चष्मा वर कर, नाहीतर आलेला दिसायचा नाही. सव्वीसाव्या मिनिटाला तिने मान वर केली. "आला आजोबांचा!" वॉर्डबॉयने ब्रेक काढला. हे डोळे उघडून म्हणाले, "झालं का ऑपरेशन?"

"झालं," मी म्हटलं. "आता फक्त पोट कापायचं राहिलंय."

ते आत गेले. दार झुलत झुलत बंद झालं. मग मात्र माझ्या डोळ्यांना धार लागली. सून उठून आली, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यात काही गेलेलं नाही, मी रडतेय." म्हणाली, "बरं."

दीड वाजता डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपी काढली, कपाळावर तिचा वळ उमटलेला. गाठ अख्खी निघाली. तपासायला पाठवलीय, पण दिसायला साधी आहे, पसरलेली नाही. रक्ताची एकच पिशवी लागली, ती हाताशी होती. एवढं ऐकलं आणि मला एकदम कडकडून भूक लागली. कित्येक दिवसांनी लागली होती.

दुपारी हे वॉर्डात गाढ झोपलेले, घोरत होते. इतकी वर्षं त्या घोरण्याला शिव्या दिल्या, त्या दिवशी कानाला गोड लागलं. खिडकीशी सून आवाज बारीक करून फोन स्पीकरवर लावून बसली. कंपनीची बैठक होती, सकाळचं कसं बिघडलं ते सांगायची. सात-आठ जण, त्यात त्यांच्या मोठ्या बाईसुद्धा. मी कान तिकडे देऊनच बसले होते. आता हिची खरडपट्टी निघणार, आणि निघालीच तर मी फोन हातात घेऊन त्या मोठ्या बाईला दोन शब्द सुनावणार, अशी माझी तयारी. मी बोलेन, सून माझी आहे. दुसऱ्या कुणी बोलायचं काम नाही.

ही म्हणाली, "तीस सेकंद मी ठेवले होते. थप्पी वाढेल तशी मुदत वाढवायला हवी होती, ते माझ्या लक्षात आलं नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं. मग हे पुढे कुणाच्याच लक्षात राहावं लागू नये, यासाठी काय करायचं?"

बस. एवढंच. आणि सगळे कामाला लागले. आवाज चढला नाही, कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. मी विचार करत राहिले. माझ्या दुकानात मी असा आवाज चढवायची की समोरच्या वाण्याचं गिऱ्हाईक वळून बघायचं. मला वाटायचं शिस्त आहे. आणि गळा चुकीचा कापलेलं कापड मला तीन-तीन महिन्यांनी ढिगाच्या तळाशी सापडायचं. कुणी कापलं ते कधी कळलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

बैठक संपली. तिने झाकण लावलं. तेव्हा मी विचारलं, "ड्यूटी मागून का घेतलीस?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला नुसतं बसून काळजी करता येत नाही, आई. तुम्ही नर्सशी भांडून करता, मी हे करते. आणि आज बाबा आत असताना तिथे दुसरं कुणी बसलेलं मला चाललं नसतं." मग म्हणाली, "चूक माझीच निघाली, ते वेगळं. तुम्हाला राग आला असेल तर बोलून टाका."

बोलायचं नव्हतं असं नाही. सकाळपासूनचं सगळं जिभेवर तयार होतं. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "ऐक. तू उद्धट आहेस, मला हात दाखवून गप्प केलंस ते मी विसरणार नाही, आणि वीस मिनिटं मला सांगितलं नाहीस ते तर मुलगा आला की त्याच्याही कानावर घालणार आहे. पण पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्या दिवशी रजा घेतलीस, तर माझ्याशी गाठ आहे."