दोन खिसे कमी पडलेत

बसा साहेब, त्या स्टुलावर. पँट दोन इंच वर घ्यायची ना? होईल. पण तोवर एक गोष्ट सांगतो ती ऐकायला लागेल. माझ्या गळ्यात ही चावी का लटकतीय तेही त्यात येईल. मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस, बोलण्यात काही वाकडं आलं तर सोडून द्या. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

द्वारका माझी मेव्हणी. इथंच हडपसरला, त्या काचेच्या मोठ्या बिल्डिंगीत साफसफाईला आहे. नऊ मजले, चौदा बाया. आत जाताना पर्स गेटवर ठेवायची, असा नियम. अंगावर कंत्राटदाराचा निळा ड्रेस. गड्यांच्या ड्रेसला चार खिसे. बायकांच्या ड्रेसला एक पण नाही. नुसती वर पट्टी शिवलेली, खिसा आहे असं दाखवायला. बोट घालून बघा, आत जातच नाही.

मला कसं माहीत? ते ड्रेस मीच शिवलेत की. ह्याच मशीनवर. कंत्राटदार म्हणाला, "बायकांना फक्त पट्टी टाका, कापड वाचतं." टाकली. त्या बाया रुमाल कुठं ठेवणार, एवढं पण विचारलं नाही. आमची आई नऊवारी नेसायची. कनवटीला तिची तंबाखूची डबी, किल्ली, चार सुपाऱ्या, सगळं बसायचं. न शिवलेल्या लुगड्यात जागा होती, आणि मी शिंपी असून शिवलेल्या ड्रेसात ठेवली नाही.

तर द्वारकेला शुगर आहे. इंजेक्शन घेते. दगदग झाली की कधी शुगर एकदम उतरते, हातपाय कापायला लागतात. तेव्हा तोंडात गोड काहीतरी लगेच पाहिजे. गेल्या महिन्यात सहाव्या मजल्यावर तसं झालं. लिमलेटच्या गोळ्या पर्समध्ये, पर्स गेटवर. लिफ्टपर्यंत पोचलीच नाही. बेसिनवर आपटली, पुढचा दात गेला.

माझ्याकडं आली, म्हणाली, "दाजी, एक खिसा लावा." लावला. चांगला वीतभर खोल.

काल शनिवारी गेटवर सुपरवायझरनं तो बघितला. सुदर्शन त्याचं नाव.

"हे काय?"

"खिसा आहे साहेब."

"आत काय?"

"लिमलेटच्या गोळ्या. माझी शुगर उतरते."

"मग घरनं चढवून यायची. खिसा म्हणजे चोरीची सोय. आज गोळ्या आणाल, उद्या साबण न्याल."

खोकी फोडायचं कटर होतं त्याच्या हातात. सगळ्या बायांच्या देखत त्यानं तिचा खिसा कापला. अंगावरचा, साहेब. ड्रेस तिच्या अंगावर असताना. गोळ्या फरशीवर पसरल्या, त्या तिनं एकेक करून वेचल्या. वर हा म्हणतो, "सोमवारी खिसा दिसला तर कामावर यायचं नाही."

मला संध्याकाळी कळलं. तसाच उठलो, गेटवर गेलो. टेप गळ्यातच होती. म्हटलं, "जरा तुमच्या खिशाचं माप घेऊ द्या."

"कशाला?"

"राहू द्या, बघूनच कळलं. अकरा इंच." त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं, त्यावर कंपनीचं नाव. म्हटलं, "हे पेन कुणाचं?"

त्यानं पेनावर हात ठेवला.

"मग तुमचा खिसा कुणी कापायचा?"

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मशीन चालवा. कंपनी चालवायला आम्ही आहोत."

खोटं कशाला बोलू, घरी येऊन मीच द्वारकेला म्हटलं, "जुना ड्रेस घाल आणि गप जा. नोकरी जाईल." ती म्हणाली, "दाजी, एकच दात गेलाय म्हणून बोलताय."

आज सकाळी तिच्याबरोबरची मुक्ताई आली. पिशवीत स्वतःचा ड्रेस. म्हणाली, "मला शुगर नाही. तरी लावा." दुपारपर्यंत बाकीच्या पण आल्या. तो ढीग बघा तिकडं. मुक्ताईचा हिशोब सोपा आहे. एकीला काढता येतं. चौदाजणींना काढलं तर नऊ मजल्यांचे संडास काय सुदर्शन धुणार?

आता खिशाचं कापड दुकानातनं आणता आलं असतं. नाही आणलं. मला गड्यांचेच खिसे लावायचेत. अकरा इंची, मजबूत, आयते. माझ्या दोन पँटींचे चार काढले, म्हणून ही चावी गळ्यात. भाजीवाल्या रंगरावनं दोन पँटी दिल्या, त्यांचे चार. जावयाच्या दोन पँटींचे चार. तो सकाळपासनं मोबाईल हातात धरून फिरतोय, दोनदा पाडला. म्हणतो, "मामा, वैताग आहे हा." म्हटलं, "एका दिवसात वैतागलास?"

बारा झाले. चौदा पाहिजेत. उद्या सकाळी सातची पाळी, आणि द्वारका सगळ्यात पुढं उभी राहणार आहे.

तुमच्या पँटीचे पैसे राहू द्या साहेब. खिशाच्या जागी मी झकास पट्टी शिवून देतो, बाहेरनं कुणाला कळणार नाही. तेवढे दोन खिसे काढून घेऊ द्या.