बंद गळ्याचा ब्लाउज

भर मे महिन्यात, शिंदखेड्यात, माझ्या ताईने बंद गळ्याचा ब्लाउज घातला होता. आयडिया माझी. झिपरू शिंप्याने विचारलंही, "लगन काश्मीरमा शे का, भूषण?"

ब्लाउजखाली मानेला गाठ होती. डिंपलताईच्या शरीरात जंतूंशी लढणारी फौज जन्मापासूनच अर्धवट भरती झालेली. दर महिन्याला धुळ्याला जाऊन ती सलाइनमधून उसनी फौज घेते. डॉक्टर म्हणाले होते, "अशा पेशंटना काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गाठ महिनाभर जात नाहीये, तुकडा काढून तपासू." ते आज दुपारी होतं. पण आजच जळगावचे पाहुणे तिला बघायला येणार निघाले. आबा म्हणाले, "गाठ काय पळून जाते का?" आई रडायला लागली. वाद मिटवायला मी ब्लाउज सुचवला. हुशार पोरगा.

मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आलो, तर ताई घामाने निथळत होती. मुलाचे काका, रतिलालनाना, म्हणाले, "पोर घाबरलीय वाटतं."

माझ्याच्याने राहवेना. "नाना, तिच्या मानेत गाठ आहे. कॅन्सर असू शकतो. आज तपासायची होती, आम्ही झाकली."

अख्खी खोली हसली.

त्यांची चूक नाही. चुलत्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा झाडाआडून काव काव मीच केलं होतं. ही कीर्ती जळगावपर्यंत गेलेली. "हाऊ पोऱ्या भलता गमत्या शे!" नाना डोळे पुसत म्हणाले. आबाही हसले. जरा जास्तच मोठ्याने.

ताई हसली नाही. तिने गळ्याचे दोन हुक काढले.

नाना उठले. मला वाटलं, गेले.

"दवाखाना उघडा शे ना? चला, गाडीमा बसा."

अशा रीतीने बघण्याचा कार्यक्रम धुळ्याच्या रस्त्याला लागला. गाडी नवरामुलगा चालवत होता. मागे आई, नाना, ताई आणि ताटासकट मी. आबा पुढे, मान खाली घालून.

"भूषण," ताई हळूच म्हणाली, "उशीर झाला असेल का रे?"

मागे सगळे माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन, सगळे हसतील, अशी त्यांची तयारी दिसत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने ताटातले पोहे घेतले आणि एकेक शेंगदाणा बाजूला काढून माझ्या हातावर ठेवत राहिली. लहानपणापासून ठेवते. मला आवडतात म्हणून.